आधीचं पचलंय का? जेवायला बसण्याआधी एवढं बघा

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. ऑफिसात डबा खाऊन झाला, हात धुवून जागेवर आले आणि शेजारच्या टेबलावरच्या ताईंनी विचारलं, आज काय होतं गं भाजीला, तर मला सांगताच येईना. वीस मिनिटांपूर्वी मी ती भाजी खाल्ली होती. शेवटी पिशवीतून डबा काढून बघितला, झाकणाला दाण्याचं कूट चिकटलं होतं आणि एक हिरवी शीर, त्यावरून कळलं की दोडका होता. समोर लॅपटॉप उघडा, एक हात माऊसवर आणि दुसऱ्या हाताने घास, असं जेवण झालं होतं. संध्याकाळी लोकलमध्ये पोट फुगलेलं, आंबट ढेकरा, रात्री घरी पोचल्यावर भूक नाही पण सगळे बसलेत म्हणून परत जेवायचं, हे तेव्हा माझं रोजचंच झालं होतं आणि ॲसिडिटीच्या गोळ्यांवर मी ते ढकलत होते.

मग डोंबिवलीतल्याच एका वैद्यबाईंकडे गेले. मला वाटलं आता पथ्याची लांबलचक यादी मिळणार, वांगं बंद, बटाटा बंद, चहा बंद. पण त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "सकाळचं पचलं हे तुम्हाला कसं कळतं?" मी गप्पच. इतकी वर्षं दिवसातून तीन-चार वेळा खातेय पण हा प्रश्न कधी पडलाच नव्हता, घड्याळात एक वाजला की जेवायचं एवढंच माहीत. तिथून पुढे जे शिकले, वाचलं आणि स्वतःवर करून बघितलं ते इथे लिहितेय, कारण आयुर्वेद म्हटलं की हे खा आणि ते खाऊ नका एवढंच आपल्यापर्यंत पोचतं आणि माझ्या मते खरी सुरुवात त्याच्या बरीच आधी आहे.

पचलंय हे ओळखायचं कसं

चरकसंहिता हा आयुर्वेदाचा जुना ग्रंथ, त्यात विमानस्थान म्हणून एक भाग आहे, त्याच्या पहिल्याच अध्यायात जेवायचं कसं ते सांगितलंय. गरम खा, थोडं तूप-तेल असलेलं खा, मापात खा, आधीचं पचल्यावरच खा, एकमेकांशी न पटणारे पदार्थ एकत्र खाऊ नका, मनाला बरं वाटेल अशा जागी बसून खा, फार भरभर नको, फार रेंगाळत नको, बडबड आणि हसणं-खिदळणं न करता मन जेवणात ठेवून खा, आणि आपल्याला स्वतःला काय सोसतं ते बघून खा. दहाच गोष्टी आहेत. त्यातली "जीर्णे अश्नीयात्", म्हणजे आधीचं पचल्यावर जेवा, ही मी सगळ्यात वर ठेवते, कारण ही चुकली तर बाकीच्या नऊ पाळून फारसं काही हाती लागत नाही.

कारणही दिलंय तिथे. आधीच्या जेवणाचा अर्धाकच्चा रस आत असताना वरून नवीन अन्न पडलं की दोन्ही मिसळतात आणि सगळेच दोष, म्हणजे वात, पित्त आणि कफ, बिघडतात. स्वयंपाकघरातलं उदाहरण घ्या, पातेल्यात भात अर्धा शिजलाय आणि तुम्ही वरून मूठभर कच्चे तांदूळ टाकलेत, तर आधीचा भात गचका होईल आणि नंतरचे तांदूळ कणीदार राहतील, आणि तो भात कितीही वेळ गॅसवर ठेवला तरी एकसारखा होणार नाही. आपण ऑफिसात दिवसभर हेच करतो, पोह्यांवर बिस्कीट, बिस्किटावर डबा, डब्यावर कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक. आयुर्वेदात याला अध्यशन असा वेगळा शब्दच आहे.

आता पचल्याच्या खुणा. ढेकर शुद्ध येते, म्हणजे तिला आधीच्या जेवणाचा वास किंवा चव नसते. अंगात उत्साह वाटतो. लघवी-शौच जेव्हाच्या तेव्हा आणि मोकळं होतं. पोट आणि अंग हलकं वाटतं. आणि मग भूक लागते, तहान लागते. यातली ढेकर सगळ्यात सोपी, दुपारी चार वाजता लसणाच्या चटणीची ढेकर आली तर जेवण अजून वरच आहे असं समजायचं. सकाळी दात घासताना आरशात जीभ बघायचीही सवय लावा, रोजच्यापेक्षा जाड पांढरा थर असेल तर रात्रीचं नीट पचलेलं नाही, वैद्यलोक त्याला आमाची, म्हणजे आत साठलेल्या अर्धवट पचलेल्या अन्नाची, खूण मानतात.

खरी भूक आणि जिभेची भूक यातही गल्लत होते. त्यासाठी मी एक साधी परीक्षा करते, मनात विचारते की आत्ता कुणी नुसता वरणभात दिला तर आवडीने खाईन का? उत्तर हो आलं तर भूक खरी. वरणभात नको पण वडापाव चालेल, चिवडा चालेल असं आलं तर पोटाने काही मागितलेलं नाही, कंटाळा आलाय नाहीतर कुणीतरी समोर खातंय. अशा वेळी कपभर कोमट पाणी घोटघोट प्यायचं आणि पंधरा मिनिटं थांबायचं, बऱ्याचदा ती भूक निघून जाते.

दोन जेवणांत किती अंतर ठेवायचं यासाठी एक जुनं वचन आहे, एका यामाच्या आत परत खाऊ नये आणि दोन याम उलटू देऊ नयेत. याम म्हणजे ३ तास. म्हणजे ३ तासांच्या आत नको आणि ६ तासांच्या पुढे उपाशीही राहू नका. मला हे फार सोयीचं वाटतं कारण ते घड्याळात बसतं.

तर पहिलं काम असं करा, चार दिवस काहीही न बदलता फक्त लिहून काढा. किती वाजता काय खाल्लं, त्याआधी खरी भूक होती का, पुढची ढेकर कशी आली. चहा-बिस्कीटसुद्धा लिहायचं, तिथेच तर गोम असते. माझ्या वहीत तिसऱ्या दिवशीच दिसलं की ९ वाजता पोहे, ११ वाजता मीटिंगमध्ये चहा आणि चार बिस्किटं, आणि १ वाजता डबा, म्हणजे डब्याच्या वेळेला भूक कधीच नसायची. मी ती ११ची बिस्किटं बंद केली, चहा अर्धा कप ठेवला, आणि नुसत्या तेवढ्यावर आठवडाभरात संध्याकाळचं फुगणं निम्म्यावर आलं. अजून एकही चूर्ण घेतलं नव्हतं तेव्हा.

आपला अग्नी कुठल्या जातीचा

हे थोडक्यात सांगते. अग्नी म्हणजे आपली पचनशक्ती, ती चार प्रकारची सांगितलीय. विषम, म्हणजे आज छान पचतं आणि उद्या तेच पचत नाही, गॅस, गुडगुड, कधी बद्धकोष्ठ, हा वाताचा. तीक्ष्ण, म्हणजे खाल्लं की भस्म आणि दोन-तीन तासांत परत भूक, उशीर झाला तर जळजळ आणि चिडचिड, हा पित्ताचा. मंद, म्हणजे थोडं खाल्लं तरी जड, जेवल्यावर झोप, हा कफाचा. आणि सम, ज्याला मापात खाल्लेलं वेळेवर पचतं. माझा विषम आहे हे वैद्यबाईंनी सांगायच्या आधी मला वहीवरूनच कळलं होतं. विषमवाल्यांनी सगळ्यात जास्त जेवायच्या वेळा पाळायच्या आणि कोरडं खाणं कमी करायचं, फरसाण, टोस्ट, कुरमुरे वगैरे. तीक्ष्णवाल्यांनी भूक मारायची नाही आणि मिरची-आंबवलेलं-तळलेलं कमी करायचं. मंदवाल्यांनी रात्रीचं जेवण कमी करायचं, आणि एखाद्या वेळी भूक नसेल तर सरळ सोडून द्यायचं.

ऋतूचाही भाग असतो. थंडीत अग्नी चांगला पेटलेला असतो, म्हणून डिंकाचे लाडू, तीळगूळ, बाजरीची भाकरी आणि लोणी तेव्हा पचतं. पावसाळ्यात अग्नी सगळ्यात मंद. घरोघरी चातुर्मासात एकवेळचं जेवण, कांदा-लसूण-वांगं बंद असे जे नियम असायचे त्यांच्याकडे मी आता या नजरेने बघते.

पान वाढल्यापासून पहिल्या पाच घासांपर्यंत

माझे आजोबा जेवायला बसले की आधी ताटाभोवती पाणी फिरवायचे, चित्राहुती घालायचे, तळहातावर पाणी घेऊन आपोषण घ्यायचे आणि मग पहिला घास. मिनिटभर लागायचं. लहानपणी आम्हाला वाटायचं केवढा उशीर, वरण निवतंय. आता विचार केला की कळतं, त्या एका मिनिटात गरम भातावरच्या तुपाचा वास वर यायचा, तोंडाला पाणी सुटायचं, दिवसभराची धावपळ तिथे थांबायची. अन्न दिसलं आणि वास आला की लाळ आणि जठरातला पाचक रस सुटायला लागतो, हे आजचं विज्ञानसुद्धा सांगतं. शाळेत आपण सगळ्यांनी "वदनी कवळ घेता" म्हटलंय, त्यातलं उदरभरण नोहे मला चाळिशीत कळायला लागलं. तुम्ही श्लोक म्हणा किंवा नका म्हणू, पण ताट समोर आल्यावर लगेच घास उचलू नका, एक मिनिट नुसतं बसा.

मोबाईल दुसऱ्या खोलीत. टेबलावर उलटा करून ठेवलेला चालत नाही, मी करून बघितलंय, हात जातोच. शक्य असेल तर मांडी घालून खाली बसा, गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर बसा पण पाठ टेकून पसरू नका.

मग पहिले पाच घास. मी सगळं जेवण एकाग्रतेने करा असं म्हणणार नाही, घरात लहान मुलं असतात, सासूबाईंना काहीतरी सांगायचं असतं, ते जमत नाही. पण पहिले पाच घास गप्प राहून, चव ओळखत खायचे, एवढं सगळ्यांना जमतं. प्रत्येक घासात कुठला रस आहे ते मनात म्हणायचं. मधुर, आम्ल, लवण, कटू, तिक्त, कषाय असे सहा रस. इथे आपली मराठी माणसांची एक गडबड होते ती सांगते, संस्कृतातला कटू म्हणजे आपला कडू नव्हे, कटू म्हणजे तिखट, आणि तिक्त म्हणजे तिखट नव्हे, तिक्त म्हणजे कडू. मी कितीतरी दिवस उलटं समजत होते. कषाय म्हणजे तुरट. आता आपलं साधं पान बघा, वरणभात-तूप मधुर, लिंबाची फोड आम्ल, मीठ लवण, ठेचा कटू, मेथीची किंवा कारल्याची भाजी तिक्त, आणि तुरट चव आवळ्याच्या लोणच्यात सापडते. पानाच्या डावीकडचं ते चमचाभर चमचाभर वाढलेलं उगाच नाहीये. क्रमही बघा, ग्रंथात सांगितलंय की गोड आणि जड आधी, आंबट-खारट मधे, तिखट-कडू-तुरट शेवटी, आणि आपल्याकडे पहिला वाढतात तो वरणभात.

भाकरीवर हा प्रयोग करून बघा. ज्वारीच्या भाकरीचा एक तुकडा, सोबत काही न लावता, तोंडात घालायचा आणि चावत राहायचं. आधी नुसतं कोरडं पीठ लागतं, मग ओलसर, थोडं चिकट, आणि पंचवीस-तीस वेळा चावून झालं की हळूहळू गोडसर चव यायला लागते. लाळेमुळे पिठातल्या स्टार्चची साखर व्हायला लागते म्हणून ती गोडी. माझ्या मुलाला हे करून दाखवलं तर त्याने तीन तुकडे नुसते कोरडे खाल्ले. घास इतका चावायचा हे मोजून रोज करायची गरज नाही, एकदा ती गोडी लागली की आपण अर्धवट गिळतो ते आपलं आपल्यालाच कळतं.

भरभर आणि रेंगाळत

भरभर खाऊ नये हे सगळेच सांगतात. चरकाने त्याचं काय होतं ते सांगितलंय, अन्न भलत्या वाटेला जाऊ शकतं म्हणजे ठसका लागतो, ते पोटात नीट स्थिरावत नाही, आणि त्या अन्नातले गुणदोष खात्रीने कळत नाहीत. ही तिसरी गोष्ट वाचली तेव्हा मला तो दोडका आठवला. भाजी कुठली हेच कळलं नाही तर ती खारट झालीय, शिळी आहे, की आज मला नको होती हे कसं कळणार?

पण मला जास्त महत्त्वाचं वाटलं ते पुढचं, की फार रेंगाळत जेवलं तर काय होतं. तृप्ती होत नाही, जास्त खाल्लं जातं, ताटातलं निवून जातं आणि पचन कमी-जास्त, वेडंवाकडं होतं. आता रात्री सिरीयल लावून जेवणारं घर डोळ्यासमोर आणा. ८ला ताट घेतलं, जाहिरातीत दोन घास, परत बघत बसले, भात गार, आमटीवर साय, परत थोडं वाढून घेतलं, पाऊण तास झाला तरी जेवण संपलेलं नाही आणि उठल्यावर काहीतरी गोड पाहिजे असं वाटतंय. चारही गोष्टी जशाच्या तशा. आपण समजतो की निवांत जेवतोय. निवांत म्हणजे रेंगाळत नव्हे. साधारण वीस-पंचवीस मिनिटं मला पुरतात, तेवढ्यात अन्न गरम राहतं आणि घाईही होत नाही.

आणि मनाचं. चरकातच म्हटलंय की मापात खाल्लेलं, पथ्याचं अन्नसुद्धा चिंता, शोक, भय, राग, अवघडलेली झोप आणि जागरण यामुळे पचत नाही. म्हणून घरच्यांना माझी कळकळीची विनंती आहे, मुलांचे मार्क, कर्जाचे हप्ते, नातेवाइकांची भांडणं हे विषय ताटावर काढू नका. आमच्याकडे हे आता ठरलेलं आहे, अर्धा तास थांबायचं आणि मग बोलायचं. मुलगा जेवताना रडत उठायचा ते बंद झालंय. तुम्ही फार रागात असाल तर जेवण पंधरा मिनिटं पुढे ढकला, तोंड धुवा, गॅलरीत उभे राहा, मग बसा.

किती खायचं

अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या दुसऱ्या जुन्या ग्रंथात वाग्भटांनी पोटाचे चार भाग मानायला सांगितलेत, दोन भाग अन्न, एक भाग पातळ, आणि एक भाग वायूसाठी मोकळा. याच अष्टांगहृदयावर देवगिरीच्या यादवांच्या हेमाद्रीने, म्हणजे आपल्या हेमाडपंताने, टीका लिहिलेली आहे, त्यामुळे हे आपल्या मातीतही जुनंच आहे.

पण पोटाचे भाग आतून मोजणार कसे, तर खुणा चरकात आहेत. जेवण मापात झालं असेल तर पोटावर दाब येत नाही, छातीत अडकल्यासारखं होत नाही, बरगड्या ताणल्या जात नाहीत, भूक-तहान शमते, आणि उभं राहणं, बसणं, आडवं होणं, चालणं, श्वास घेणं, हसणं, बोलणं यातलं काहीही जड जात नाही. मी यातलं उठणं धरते. मांडी घालून जेवायला बसलात आणि उठताना गुडघ्याच्या त्रासामुळे नव्हे तर पोटामुळे हात टेकावा लागला, तर चार घास जास्त झालेत.

जड पदार्थ असेल तर माप अजून कमी. पुरणपोळी, श्रीखंड, बासुंदी, तळलेलं हे अर्ध्या भुकेइतकंच खायचं, म्हणजे चार पोळ्या जेवणाऱ्याने पुरणाच्या दोनच घ्यायच्या. आणि पुरणपोळीबरोबर कटाची आमटी का असते बघा, लवंग, दालचिनी, मिरी, काळा मसाला, सगळं पाचक, पुरणात जायफळ, सुंठ, वरून तूप. आमटी वगळून नुसती पोळी-दूध खाणाऱ्यांना जड होतं त्यात नवल नाही.

आपल्याकडे खरी अडचण दोन गोष्टींची, आग्रह आणि पान टाकायचं नाही ही शिकवण. पानात टाकू नये हे मला अगदी मान्य आहे, अन्न वाया घालवणं वाईटच, पण त्यासाठी पोट बिघडवायचं नाही, सुरुवातीलाच कमी वाढून घ्यायचं. पहिल्यांदा नेहमीच्या पाऊणपट वाढा, लागलं तर परत घ्या. लग्नाच्या पंगतीत किंवा कुणाकडे गेल्यावर "नको" म्हटलं की वाढणारी माणसं ऐकत नाहीत, तिथे मी "काकू, ताकाला जागा ठेवलीय, ताकभात वाढा मला" असं सांगते. ताकभात मागितला की जेवण संपत आलं हे सगळ्यांना कळतं आणि कुणाला वाईटही वाटत नाही.

पाणी, ताक आणि पहिल्या घासाचं चूर्ण

जेवणाआधी पाणी प्यायलं तर माणूस बारीक होतो, शेवटी प्यायलं तर जाड होतो, आणि मधे मधे प्यायलं तर जसाच्या तसा राहतो, असं वाग्भटांनी म्हटलंय. मी एवढंच पाळते की जेवताना पेलाभर पाणी, तेही घोटघोट, आणि फ्रीजचं नाही. गरमागरम आमटीवर बर्फगार पाणी ओतायचं म्हणजे पेटवलेल्या चुलीत पाणी ओतण्यासारखं आहे.

भूक मंद असेल तर जेवणाआधी आल्याचा पातळ काप, किंचित सैंधव आणि लिंबाचे दोन थेंब, हे चावून खा. गॅसवाल्यांना हिंगाष्टक चूर्ण चांगलं, सुंठ, मिरी, पिंपळी, ओवा, सैंधव, जिरं, शहाजिरं आणि हिंग अशी आठ द्रव्यं त्यात असतात. पण बहुतेक लोक ते जेवण झाल्यावर, पोट फुगल्यावर पाण्याबरोबर घेतात. ग्रंथात ते पहिल्या घासाबरोबर तुपात कालवून घ्यायला सांगितलंय. पहिल्या वरणभाताच्या घासात पाव चमचा चूर्ण, चमचाभर साजूक तूप, बस. जळजळ होणाऱ्यांनी ते घेऊ नये, ते उष्ण आहे, आणि त्यात मीठ असतं त्यामुळे बीपीवाल्यांनी विचारून घ्या.

ताक जेवणाच्या शेवटी, दुपारी. माझी पद्धत सांगते, रात्री विरजलेलं गोडसर दही एक वाटी, त्यात आधी थोडंच पाणी घालून रवीने घुसळायचं, लोण्याचा गोळा वर आला की काढून घ्यायचा, मग अजून दोन-तीन वाट्या पाणी, भाजलेल्या जिऱ्याची पूड, चिमूट सैंधव, कणभर हिंग. मिक्सरमध्ये नुसतं दही-पाणी फिरवलं आणि लोणी तसंच ठेवलं तर ते जड राहतं. आंबट झालेलं ताक कढीला वापरा, प्यायला नको, उन्हाळ्यात तर मुळीच नको. अल्सर, अंगाचा दाह, कुठून रक्त जाण्याचा त्रास असेल तर ताक टाळायला सांगतात. आणि रात्री दही नाही, हे चरकात स्पष्ट आहे.

विरुद्ध आहाराबद्दल लोक फार घाबरवतात. दूध आणि मासे, दूध आणि आंबट फळं एकत्र नकोत हे खरं, पण त्याच चरकात असंही आहे की सवयीचं असेल, थोडं असेल, माणूस तरुण असेल, अग्नी चांगला असेल, व्यायाम असेल तर त्याचा त्रास होत नाही. त्यामुळे एकदा खाल्लं म्हणून काळजी करत बसू नका, रोजचं करू नका एवढंच.

जेवल्यावर आणि रात्री

शतपावली, अगदी सावकाश, शंभर पावलं म्हणजे शंभरच्या आसपास, धावतपळत जिना चढणं नव्हे. मग वाटलं तर पाच-दहा मिनिटं डाव्या कुशीवर वामकुक्षी, पण डोळा लागू द्यायचा नाही, दिवसा गाढ झोपायची मोकळीक आयुर्वेदात मुख्यतः उन्हाळ्यात आहे, नाहीतर आजारी, म्हातारी, लहान मुलं यांना. जेवून लगेच अंघोळ नको.

रात्री लवकर जेवा हे सांगणं सोपं आहे, पण सीएसएमटीहून डोंबिवली-बदलापूरला येणाऱ्याला घरी पोचायलाच ९ वाजतात. आम्ही असं केलंय, ६ वाजता ऑफिसातून निघायच्या आधी साळीच्या लाह्या किंवा राजगिऱ्याचा लाडू, आणि ९ नंतर फक्त पातळसर काहीतरी, मुगाच्या डाळीची खिचडी-कढी, भाजणीची उकडपेंडी, मेतकूट-मऊ भात. पोळी-भाजी-उसळ हे सगळं दुपारच्या डब्यात. मटकीची उसळ आणि छोले रात्री ९नंतर खाऊन ११ला झोपलं तर सकाळी जीभ पांढरी दिसणारच.

लंघन

कधी कधी बिघडतंच, लग्नसराईत, दिवाळीत. तेव्हा एक दिवस लंघन. लंघन म्हणजे शरीराला हलकं करणं. आपला उपवास त्याच्या नेमका उलटा झालाय, एकादशी अन् दुप्पट खाशी. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, दाण्याची आमटी. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो, बटाटा आणि शेंगदाणा हे तिन्ही मुळात दक्षिण अमेरिकेतले, चरक-वाग्भटांना ते माहीतच नव्हते, आणि तिघांचं एकत्र जेवण म्हणजे नेहमीच्या वरणभातापेक्षा कितीतरी जड. उपवास श्रद्धेने करत असाल तर जरूर करा, पण भगरीची पातळ पेज, राजगिरा, ताक, फळ यावर करून बघा, दुसऱ्या दिवशीचा फरक जाणवेल.

लंघनाच्या दिवशी मी तांदळाची पेज करते. जुने तांदूळ अर्धी वाटी, धुवून वाळवून कोरडे मंद आचेवर भाजायचे, छान खमंग वास आला आणि दाणा जरासा फुलला की उतरवायचे, भाजल्याने ते पचायला हलके होतात. मग त्याच वाटीने पाणी. शार्ङ्गधरसंहिता या आयुर्वेदाच्या ग्रंथात पेयेला, म्हणजे अशा पातळ पेजेला, तांदळाच्या १४ पट पाणी सांगितलंय, म्हणजे अर्ध्या वाटीला ७ वाट्या. सुंठीचा छोटा तुकडा, थोडं जिरं, झाकण अर्धवट ठेवून दाणा बोटाने चुरडेपर्यंत शिजवायचं, शेवटी सैंधव. वाटीने गरम गरम प्यायची, भूक लागेल तेव्हाच. सकाळी पेज, दुपारी परत पेज, खरी भूक लागली तर रात्री मऊ भात-तूप, आणि दुसऱ्या दिवशी मुगाची खिचडी. लंघन झालं म्हणून दुसऱ्या दिवशी मिसळ खायची नाही.

लंघन सगळ्यांसाठी नाही. डायबेटीसची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, गरोदर असाल, बाळाला पाजत असाल, वजन आधीच कमी असेल, घरातली लहान मुलं आणि म्हातारी माणसं, यांनी जेवण सोडायचं नाही. आणि वजन आपोआप कमी होतंय, शौचाला काळी होतेय किंवा रक्त जातंय, घास गिळताना अडकतोय, रात्री पोटदुखीने जाग येतेय, असं काही असेल तर वही-चूर्ण-पेज सगळं बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना दाखवा, तपासण्या करून घ्या.

बाकीच्यांनी सगळं एकदम सुरू करू नका. पहिले चार दिवस वही. मग आठवडाभर फक्त मधलं खाणं बंद, ३ तासांचं अंतर. त्याच्या पुढच्या आठवड्यात मोबाईल दुसऱ्या खोलीत आणि पहिले पाच घास गप्प राहून, ऑफिसात असाल तर लॅपटॉप मिटून कॅन्टीनमध्ये जाऊन बसा. एवढं अंगवळणी पडलं की दुपारचं ताक, रात्रीचं हलकं जेवण आणि लागलंच तर हिंगाष्टक.